उन्हात घातलेले तवे

माझ्याकडे रेकॉर्ड वाजवणारे पाच जुने बाजे आहेत आणि त्यांतले साडेतीन चालतात. साडेतीन म्हणजे काय, असं कोणी विचारलं की मी त्याला चौथ्यासमोर नेऊन उभा करतो. तो सुरू होतो छान, पण बटणानं बंद होत नाही. भिंतीतून वायर उपटावी लागते. पाचवा फक्त बघायचा आहे. त्याचं झाकण फार सुंदर आहे. आत काय काय होतं ते आता कोणालाच सांगता येणार नाही, कारण तो मी एकदा उघडला होता.

माझी बायको या पाचांना सवती म्हणते. "एकीला तेल, एकीला पट्टा, एकीला नवी सुई. आणि मला काय? तर म्हणे पाय वाजवू नको, सुई उडेल!" हे ती शेजारणीला सांगत असते तेव्हा मी नेमका जिन्यात असतो, आणि तिचं म्हणणं खरं असल्यामुळे मला वरही जाता येत नाही आणि खालीही.

आम्ही बऱ्हाणपूरला लालबागमध्ये राहतो, एका निवृत्त बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. त्यांनी मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. मी मागाचा मिस्त्री. यंत्रमाग अडला, धोटा उडाला, कापडात आडवी रेघ पडायला लागली की मला बोलावतात. माझं गाव वेंगुर्ल्याच्या बाजूला, अगदी समुद्राच्या काठावर. तिथून भिवंडीला आलो, भिवंडीच्या मालकाच्या पाहुण्यांनी आठ दिवसांच्या कामासाठी इकडे आणलं, आणि त्या आठ दिवसांना आता एकवीस वर्षं झाली. आई अजून रोज फोनवर विचारते, "कधी येतलंस?" मी म्हणतो, बघू.

मागाचं आणि बाजाचं काम सारखंच असेल अशा समजुतीनं मी या नादाला लागलो. दोन्ही फिरतात, दोन्हींना तेल लागतं, दोन्हींचा बिघाड कानाला कळतो. पण मागाचा नियम असा की शंका आली तर आवळा. बाजाचा नियम असा की शंका आली तर हात काढून घ्या. हे शिकायला मला पाच वर्षं लागली आणि तो पाचवा बाजा लागला.

काळजी करणं हा माझा मूळ धंदा आहे, मिस्त्रीपण नंतरचं. त्यामुळे नुसती एक रेकॉर्ड लावायची म्हटलं तरी माझी पूर्वतयारी लग्नाएवढी असते. आधी गवंड्याची पाणसळ ठेवून बाजा सपाट आहे का बघायचं. तो कधीच नसतो, कारण आमची फरशी न्हाणीकडे उतरती आहे. मग एका पायाखाली लग्नपत्रिकेचा तुकडा. पत्रिका जाड असेल तर एक पुरते, म्हणून लालबागमधल्या कुठल्या घराची पत्रिका जाड होती ते मला पाठ आहे. मग वेग. रेकॉर्डखाली कागदाची चिठ्ठी दाबायची आणि घड्याळ बघत एका मिनिटात ती किती वेळा समोरून जाते ते मोजायचं. तेहतीस आणि वर थोडं यायला हवं. मला पहिल्यांदा तेहतीस येतात, दुसऱ्यांदा चौतीस, आणि तिसऱ्यांदा मोजताना प्रश्न पडतो की पहिली फेरी शून्य धरायची होती की एक. नववीत शाळा सोडल्याचे तोटे असे कुठेही भेटतात.

शेवटी सुईचा भार. हलका झाला तर सुई उडते, जड झाला तर रेकॉर्ड खरवडते. जुन्या बाजांना वजनाचा काटा नसतो, म्हणून मी सुईच्या डोक्यावर जुन्या चार आण्याचं नाणं चिकटवतो आणि श्वास रोखून बसतो. शेजारचे माग शुक्रवारी बंद असतात, तेव्हा जमीन हलत नाही. माझी सगळी नाजूक कामं शुक्रवारी होतात.

शाळा का सोडली ते इथे सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथूनच निघतो. परिस्थिती वगैरे होतीच. पण खरं कारण गणिताचे गुरुजी. मारायचे नाहीत, चांगले होते. फळ्यावर उदाहरण सोडवून वळायचे आणि विचारायचे, "समजलं का?" मी पहिल्या बाकावरून म्हणायचो, "हो." समजलेलं नसायचं. पण 'नाही' म्हटलं तर ते पुन्हा समजावतील, मग तेही समजणार नाही, मग पुन्हा 'नाही' म्हणावं लागेल. त्यापेक्षा एकदाच 'हो' परवडतं. असे दोन वर्षांचे 'हो' साठले, परीक्षा आली, आणि मी शाळेच्या वाटेनं निघून बंदरावर जाऊन बसलो. परत गेलोच नाही.

बाईंना हे ठाऊक नव्हतं. माझ्या लग्नाच्या वेळी आईला एवढ्या लांब येणं जमलं नाही, तेव्हा माझ्या बाजूनं बोलायला बाई जसोंडीला गेल्या होत्या. सासऱ्यांची तिथे केळीची बाग आहे. त्यांनी सरळ विचारलं, "पोरगा शिकला किती?" बाई म्हणाल्या, "शाळा कमी झाली. पण भाऊ, पोरगा कोणतंही काम विचारून करतो." मी शेजारी मान खाली घालून बसलो होतो. सगळ्यांना वाटलं लाजतोय. मी घाबरलो होतो. मी आयुष्यात कोणाला काही विचारलेलं नव्हतं.

मला कावीळ झाली तेव्हा महिनाभर बाईंनी मऊ भात दिला. बँकेचे कागद भरायला, आईला पत्र लिहायला त्यांनीच शिकवलं. एवढ्या उपकारांची फेड कशी करायची म्हणून मी त्यांचा बाजा सांभाळायला घेतला. तो खरा शाळेचा. पेटीसारखा, झाकणातच आवाजाचा भोंगा. शाळेनं भंगारात काढला तेव्हा बाई तो रिक्षात मांडीवर घेऊन घरी आल्या, बरोबर रेकॉर्डी. या रेकॉर्डींना बाई तवे म्हणतात. त्यांचे वडील म्हणायचे, म्हणून त्याही. "मिस्त्री, तो भजनाचा तवा लाव बरं," किंवा "तव्यावर धूळ बसली रे." त्यांच्या घरी राहायला आल्यापासून अकरा वर्षांत मी त्यांच्या तोंडून दुसऱ्या कुठल्या तव्याचं नाव ऐकलं नव्हतं. स्वयंपाकाचं बोलणं त्या माझ्या बायकोशी करतात.

आता आखाजीचं सांगतो. अक्षय्य तृतीयेला इकडे आखाजी म्हणतात, आणि त्या सणाला लग्न झालेल्या मुली माहेरी येतात. झोके बांधतात, गाणी म्हणतात. बाईंच्या जुन्या विद्यार्थिनी माहेरी आल्या की संध्याकाळी बाईंच्या अंगणात जमतात. पन्नाशीच्या, साठीच्या बायका. आणि शाळेच्या गॅदरिंगला त्या जो नाच करायच्या तोच करतात, त्याच रेकॉर्डवर. नाच कोळ्यांचा. यांतल्या बहुतेकींनी समुद्र पाहिलेला नाही; तापीच्या पलीकडे पाणी असतं यावर त्यांचा बेताचाच विश्वास आहे.

त्या रेकॉर्डला एक चरा आहे. होडी वल्हवायचं कडवं चालू असतं, तेवढ्यात सुई चऱ्यावरून उडते आणि एकदम जाळं टाकायच्या कडव्यात पडते. मधलं गाणं गायब. बाईंनी पहिल्याच वर्षी मुलींना सांगून टाकलं, "इथे उडी मारायची आणि वळायचं." पुढे तीस वर्षं प्रत्येक तुकडी तिथे उडी मारून वळली. गाणं तसंच आहे असं सगळ्यांना वाटतं.

मागच्या वर्षी मी तो बाजा इतका सुंदर लावला, नवी सुई, बरोबर भार, की सुई चऱ्यावरून न उडता सरळ निघून गेली. बायकांनी उडी मारली आणि वळल्या. गाणं वल्हवतच होतं. अर्ध्या पुढे, अर्ध्या मागे, अशा एकमेकींवर आदळल्या. खांडव्याला दिलेली एक ताई आहे, अंगानं आणि आवाजानं सगळ्यांत मोठी. ती अंगणात बसलीच. "बाई! तुमच्या मिस्त्रीनं समुद्र वाढवून ठेवला!"

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बिघडव बरं परत."

सुईवर दोन नाणी होती, त्यांतलं मी एक काढलं. उडी परत आली. बिघडवल्याबद्दल टाळ्या मिळालेला मी जिल्ह्यातला एकमेव मिस्त्री असेन.

तर यंदाची गोष्ट. आखाजीला चार दिवस होते. बायको जसोंडीला माहेरी निघाली. बसमध्ये चढता चढता म्हणाली, "बाई काही बोलल्या आणि कळलं नाही, तर विचारा. लाजू नका. समजलं का?"

"हो," मी म्हणालो.

घरी येतो तोच जिन्याखालून बाईंची हाक. "मिस्त्री! अरे, तवे पुसून गच्चीवर उन्हात घाल बरं. वर्षभर नुसते पडून आहेत. आखाजीला लागतील ना."

"हो बाई."

"दोन तास तरी राहू दे. चांगले तापले पाहिजेत. समजलं ना?"

"हो."

आता खरं सांगतो. रेकॉर्ड उन्हात ठेवत नाहीत, हे मला माहीत होतं. या विषयातलं जे थोडं मला माहीत आहे, त्यातलं हे पहिलं आहे. आठवड्यापूर्वी बायकोनं एक रेकॉर्ड शेगडीजवळ टेकवली म्हणून मी तिला अर्धा तास भाषण दिलं होतं. पण बाईंनी सांगितलं होतं. शिकलेल्या बाई. काहीतरी असेलच ना. मग मी कारण शोधलं, आणि न समजलेल्या माणसाला कारण फार लवकर सापडतं. डाळी उन्हात घालतात, किडे जातात. गाद्या घालतात, वास जातो. रेकॉर्डींवर पांढरी बुरशी धरते, ती उन्हानं जात असेल. जुन्या लोकांना अशा गोष्टी ठाऊक असतात. जिना उतरून "बाई, कुठले तवे?" एवढं विचारायला तीन शब्द लागले असते. मी बाईंच्या अकराही रेकॉर्डी मलमलच्या फडक्यानं पुसल्या, गच्चीवर धुवट चादर अंथरली, आणि पापडांसारख्या ओळीनं मांडल्या. वैशाखाच्या तोंडावरचं बऱ्हाणपूर. दुपारचा एक.

नीट मांडल्या होत्या, ते सांगायलाच हवं. दर दोघींमध्ये बोटभर अंतर.

तासाभरानं मी त्या उलटायला वर गेलो. दोन्ही बाजूंना सारखं ऊन लागावं, हा माझा स्वतःचा शोध. बघतो तर सगळ्यांनी कडा उचललेल्या. आमच्याकडे तव्यावरचं घावन सुटत आलं की कडा सोडतं, अगदी तशा. एकीचा तर वाडगाच झाला होता. मी उभा राहिलो, आणि माझ्या मनात आधी काय आलं असेल? आधी आलं, असंच व्हायचं असेल. बाईंना माहीत असेल.

मग ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक बघत गेलो. पाण्याच्या टाकीची सावली सरकत आली होती, त्यामुळे शेवटच्या तिघी वाचल्या. त्यांच्या अलीकडची होती नाचाची रेकॉर्ड. अर्धी सावलीत, अर्धी उन्हात. अर्धी सपाट आणि अर्धी अशी वर आलेली, जशी लाट उठते.

तेवढ्यात आईचा फोन. "काय रे झिला, थंय ऊन खूप आसा मां? डोक्यार टोपी घाल हां."

"घालतो," म्हटलं.

संध्याकाळी बाईंनी विचारलं, "घातले का तवे उन्हात?"

"घातले, बाई."

"तापले चांगले?"

"फार."

यातला एक शब्द खोटा नव्हता. म्हणून तर त्या रात्री जेवण गेलं नाही. बाईंना सांगायचं तर काय सांगायचं? तुम्ही सांगितलंत म्हणून केलं, असं? म्हणजे चूक त्यांची? आणि त्यांनी असं सांगितलंच कसं, हा प्रश्न मला अजूनही पडला नव्हता. मला वाटत होतं, मांडण्यात माझंच काहीतरी चुकलं असणार. त्या बायका रावेर, खांडवा, अकोल्याहून माहेरी येणार, अंगणात उभ्या राहणार, आणि बाई म्हणणार, लाव रे. मग मी घावन लावणार.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या खिडकीच्या दोन काचा काढल्या. नाचाची रेकॉर्ड त्यांच्यामध्ये ठेवली, वर मागाची दोन जुनी दातेरी चाकं ठेवली आणि सगळं घेऊन पुन्हा गच्चीवर गेलो. ज्या उन्हानं बिघडवलं, त्याच्याच पाया पडायचं. पण या वेळी सकाळचं कोवळं ऊन आणि मी शेजारी बसलेलो. दहा मिनिटं ऊन, तासभर सावली, चाकं तशीच वर. पुन्हा दहा मिनिटं. दोन दिवस मागांकडे गेलो नाही. अंगात कणकण आहे म्हणून सांगितलं, तेही खोटं नव्हतं.

लाट निम्मी उतरली. निम्मी राहिली.

मग बाजा. बाई देवळात गेल्या की मी झाकण उघडायचो. एक नाणं लावलं तर सुई लाटेवर चढायची आणि पलीकडे सरळ हवेत; ती पडायची ती थेट मधल्या कागदावर. दोन नाणी लावली तर लाट चढून उतरायची, गाणं चालायचं, पण भार एवढा की चऱ्यावरून उडी नाही. एका नाण्यात होडी उलटत होती आणि दोन नाण्यांत समुद्र वाढत होता. बायकांना उडी हवी. मला दीड नाणं हवं होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी बाईंची हाक आली. "मिस्त्री, खाली ये."

त्या जिन्याखालच्या अडगळीसमोर उभ्या होत्या. हातात लोखंडी तवा. मोठा, पुरणपोळ्यांचा, सणालाच निघणारा. त्याच्यावर गंजाचा जाड थर. मागे आणखी दोन तसेच.

"हे काय रे? मी तवे पुसून उन्हात घालायला सांगितले होते ना?"

मी त्या तव्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादं उदाहरण पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत, एका क्षणात, आपोआप समजलं.

"घातले, बाई," मी म्हणालो.

"कुठले?"

मी वर बोट दाखवलं.

बाईंनी तव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. मग पायरीवर बसल्या. तवा मांडीवर तसाच.

"सगळे?"

"अकरा. तीन वाचले. नाचाचा अर्धा."

"माय वं."

मी खोली कधी सोडायची याचा हिशेब करत होतो. पाच बाजे उचलायला हातगाडी लागेल, की टेम्पोच सांगावा.

"तुला माहीत नव्हतं, उन्हात ते वाकतात म्हणून?"

"माहीत होतं."

"मग?"

"तुम्ही सांगितलं म्हणून."

"अरे बापा, पण मी येडी झाले का? ऊन दाखवू का त्या तव्यांना? विचारायचं ना एकदा!"

मग तोंडातून निघून गेलं, "मी विचारत नाही, बाई. कधीच नाही विचारलं. जसोंडीला तुम्ही सांगितलं ते खोटं होतं." आणि मग गणिताचे गुरुजी, पहिला बाक, बंदर, सगळं सांगून टाकलं. गंजलेल्या तव्यासमोर उभं राहून.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बोटानं तव्यावरचा गंज खरवडत राहिल्या. म्हणाल्या, "तीस वर्षं मी रोज विचारलं, समजलं का? चाळीस मुली एका सुरात हो म्हणायच्या. मला किती बरं वाटायचं." मग उठल्या. "त्यातल्या किती तुझ्यासारख्या होत्या, कोण जाणे. चल. तू आधी हे तीन घास. उद्या तुझा तो अर्धा बघू."

मी दुपारभर तवे घासले. लिंबू, राख, वीट. आरशासारखे केले. कृतज्ञता माझ्यात पुष्कळ आहे, पण ती नेहमी उशिरा आणि चुकीच्या वस्तूवर निघते.

आखाजीच्या दुपारी बाईंच्या स्वयंपाकघरात बाजा ओट्यावर ठेवला होता आणि बाई कणीक तिंबत होत्या. मी त्यांना नाण्यांची अडचण सांगितली. एकात उलटते, दोनात उडत नाही.

"म्हणजे दीड पाहिजे."

"हो." मग मी थांबलो. "म्हणजे मला वाटतं, हो."

बाईंनी कणकेची हरभऱ्याएवढी गोळी काढली आणि नाण्यावर चिकटवली. "लाव." सुई लाट चढली, उतरली. चऱ्याजवळ आली. गेली सरळ. समुद्र लांबला. "जास्त झालं," म्हणत त्यांनी नखानं चिमूट काढली. पुन्हा. पुन्हा सरळ. आणखी चिमूट. मी कान लावून बसलेलो, त्या पीठ काढताहेत. पाचव्यांदा की सहाव्यांदा सुई लाटेवरून डुलत उतरली, चऱ्यावर आली, आणि टुणकन उडाली. बाईंनी पिठाच्या हातानं माझ्या पाठीत धपाटा घातला.

"पण बाई, कणीक संध्याकाळपर्यंत वाळेल. वाळली की हलकी होईल. हलकी झाली की उलटेल."

"तुला चांगलं काही झालेलं बघवत नाही का रे? वाळली तर नवी लावू. परात भरून आहे."

संध्याकाळी सतरा जणी आल्या. हातांवर मेंदी, कोणाच्या गुडघ्याला पट्टा. खांडव्याच्या ताईनं दारातूनच विचारलं, "काय मिस्त्री, यंदा समुद्र किती ठेवला?"

मी नवी गोळी लावली, सुई ठेवली आणि बाजाशेजारी उकिडवा बसलो.

गाणं सुरू झालं, पण सरळ नाही. लाटेवर चढताना सूर ताणायचा, उतरताना ढिला पडायचा. प्रत्येक फेरीला एकदा. बायका दोन पावलं थबकल्या. एक म्हणाली, "बाई, बंद करा ना, मोबाइलवर लावते मी." दुसरी तिला म्हणाली, "अगं, मोबाइलवर उडी नसते." तोवर खांडव्याच्या ताईनं वल्हं हातात घेतल्यासारखं केलं आणि सुराबरोबर अंगच वाकवलं. सूर ताणला की मागे, सुटला की पुढे. मग सगळ्याच तशा डुलायला लागल्या. मी मात्र सुईकडे बघत होतो. ती लहानशी, पाठीवर नाणं आणि कणीक घेऊन, चढत होती, उतरत होती. आमच्या बंदरातल्या होड्या अशाच दिसतात. मी त्यांत दोनदा बसलोय आणि दोन्ही वेळा ओकलोय, म्हणून काठावरून कशा दिसतात ते मला चांगलं माहीत आहे.

चरा आला. सुई उडाली. सतरा जणींनी उडी मारली आणि वळल्या. कोणी कोणावर आदळलं नाही.

नंतर शेवटच्या कडव्यात सुई आणखी एकदा उडाली, लाटेच्या टोकावरून. ती उडी आधी कधी नव्हती. बायका गोंधळल्या, पण खांडव्याच्या ताईनं उडी मारूनच टाकली, तशा बाकीच्यांनीही. आता पुढच्या वर्षी ती नाचातच धरणार आहेत, असं ठरलं. मला कोणी विचारलं नाही.

मग बाईंनी घसा साफ करून सगळी गोष्ट सांगितली. माझा 'हो बाई' माझ्याच आवाजात करून दाखवला, 'फार' हा शब्द तर तीनदा. बायका पोट धरून हसल्या. एक म्हणाली, "तरी म्हणते मी, आज होडी हालते कशी!" दुसरी हसता हसता थांबली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही आम्हाला भागाकार शिकवला ना, मलाही नव्हता समजला." मग तिसरी म्हणाली, मलाही. बाई म्हणाल्या, "गप्प बसा गं, सणाचं." पण त्यांनी पदर तोंडाला लावला होता, हसत होत्या की काय ते मला कळलं नाही.

दोन दिवसांनी बायको केळी घेऊन परत आली. तिला ही गोष्ट कोपऱ्यावरच्या दुकानात कळली होती. वर येऊन तिनं खिडकीच्या रिकाम्या चौकटीकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या वाकड्या रेकॉर्डींकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "सवती म्हाताऱ्या झाल्या वाटतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली बाईंना मदत करत होती आणि मी वर पाणसळ घेऊन फरशीशी भांडत होतो. बाईंची हाक आली.

"मिस्त्री, तवा आण रे जरा."

"हो" अगदी दातांपर्यंत आला होता. सवयीनं दोन पायऱ्या उतरलोही. तिथे थांबलो. कठड्याला धरलं. कान तापले, चाळिशीच्या माणसाचे तापू नयेत तेवढे.

"कुठला, बाई?"

खाली क्षणभर पीठ कालवणं थांबलं. "ऐकलंस का गं?" बाई माझ्या बायकोला म्हणाल्या. मग मोठ्यानं, "धिरड्याचा!"

मी निघालो, तर खालून पुन्हा आवाज. "अरे, लोखंडाचा! धिरडी काय, वर तुझ्याकडेही उन्हात भाजलेली सात आहेत."